दोन दुकानांचं एक गिऱ्हाईक

आमची धाकटी सून दुकानांचे प्रोग्राम बनवते. प्रत्येक दुकानासाठी ती सगळं नव्यानं लिहीत नाही. गिऱ्हाईक, माल, पावती, गाडी असे तिचे तयार भाग आहेत. ज्या धंद्याला जे लागेल ते उचलायचं आणि जोडायचं. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं. आमच्या लाँड्रीत जो गिऱ्हाइकाचा भाग चालतो, तोच ऑक्सिजनच्या सिलिंडरवाल्याकडेही चालतो.

आमच्याकडे कपडे टाकून महिनोन्‌महिने तोंड न दाखवणारी माणसं फार. त्यांची नावं पडद्यावर बघून माझं डोकं उठायचं. मी सुनेमागे लकडा लावला, जो बरेच दिवस फिरकला नाही त्याचं नाव आपोआप जाऊ दे. नीट करायला वेळ लागेल, म्हणाली. मी म्हटलं, नाव पुसायला काय मुहूर्त काढायचाय? संध्याकाळी तिनं करून दिलं. सकाळी पडदा लख्ख.

दुपार व्हायच्या आत सिलिंडरवाल्याचा फोन आला. काउंटरवर गर्दी होती, सून माझ्या शेजारीच पावत्या काढत होती. फोन तिनंच घेतला. एका पेशंटच्या लेकीनं त्याला झापलं होतं, सिलिंडर का आला नाही म्हणून. तो यादीत बघतो तर पेशंटचं नावच गायब. मोठा सिलिंडर नेणाऱ्यांची बरेच दिवस मागणी नसते, ठरल्या दिवशी गाडी जाते. नाव गेलं, तशी गाडीची फेरीही गेली.

"आई, आपल्यापुरतं वेगळं काढायला हवं होतं," सून म्हणाली. "मूळ भागातून आपल्या दुकानाचा भाग काढून त्यात हा हट्ट घालायचा होता. मी घाईत मुळालाच हात लावला."

हट्ट कोणाचा, ते बोलली नाही. शहाणी आहे.

त्या लेकीनं फोन केला म्हणून तिच्याकडे गाडी निघाली. पण ज्याला फोन करणारं कोणी नाही, त्याचं काय? अशी किती नावं गेली, ते मूळ भाग पूर्वीसारखा केल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि तो कालच्या संध्याकाळवर मागे नेला की आमच्या सकाळपासूनच्या नोंदी जाणार. कोणाचे कपडे कुठल्या खणात, काही उरणार नाही. मागे इस्पितळाच्या चादरींचे ढीग, पुढे कोटासाठी खोळंबलेले वकील. सून माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? ने मागे."

पडदा काळा झाला. वकील कुरकुरले, तशी मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, स्वतःचा कोट ओळखता येत नसेल तर खटले कसले लढता.

नावं परत आली. सून एकेक वाचून दाखवायची, सिलिंडरवाला दुसऱ्या फोनवरून चौकशी करायचा. बाकीच्यांचं भागत होतं. एक घड्याळजी तेवढे फोन उचलेनात. म्हातारे, एकटे राहणारे. पहाटेची पहिली फेरी त्यांचीच होती. ड्रायव्हरला तिकडे पिटाळलं.

मग नुसती वाट बघणं. शर्टाच्या घड्या घालत होते, पण एक सरळ येईना. सून नखं कुरतडत होती. एरवी मी हातावर चापट मारली असती.

फोन वाजला. सुनेची छाती होईना, तिनं तो माझ्याकडे सरकवला. पलीकडे कोणीतरी धापा टाकत, पण एकही शिवी न गाळता ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं.

"ऐकताय ना काकू?" ड्रायव्हर म्हणाला. "उरलेला ऑक्सिजन बारीक सोडून पुरवून पुरवून वापरत होते. नवा सिलिंडर चढवला, जरा दम आला, तेव्हापासून तोंड बंद नाही."

"चालू दे," मी म्हटलं. "मध्ये बोलू नकोस. खाऊन घे शिव्या."

सुनेनं काउंटरवर डोकं टेकलं नि रडायला लागली. मी रडू दिलं. रांगेतल्यांना म्हटलं, थांबा जरा, कपडे कुठे पळून जात नाहीत.