भयकथावाल्याच्या टेबलाखालून

शप्पथ घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे बरंचसं. मला डोळे नाहीत, त्यामुळे 'डोळ्यांनी पाहिलं' असं म्हणणार नाही. पण ऐकलं नक्की, आणि जे ऐकलं नाही ते गिळलं.

मी केराची टोपली बोलतेय. लोक नको असलेल्या गोष्टींना मला दाखवतात. मला मात्र कुणी काही दाखवत नाही.

वेताची आहे मी. विणणाऱ्याने कडेची एक काडी बाहेर ठेवली, ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याचा पायजमा ओढते. दुकानातून थेट एका लेखकाच्या टेबलाखाली आले. हा माणूस दर महिन्याला मासिकात भयकथा लिहितो आणि स्वतः इतका भित्रा, की बाथरूममध्ये गेला की आतून बायकोला ओरडून सांगतो, "अगं, तू जरा बोलत राहा ना!"

त्याची लिहायची पद्धत एकच. लिहायचं, चुरगळायचं, बसल्या जागेवरून माझ्याकडे फेकायचं. फेकल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही. त्याची टाकाऊ वाक्यं खाऊनच मी जगले. घाम, चहाचे डाग, थोडी भीती. चव छान असायची.

मग त्याला सुचायचंच बंद झालं. कागद कोरा. कोरा कागद कोण चुरगळणार? मी उपाशी.

संपादकबाईंचा फोन आला. "शुक्रवारपर्यंत कथा नाही आली तर ते पान शब्दकोड्याला देतेय हं."

"बाई, असं नका हो करू!"

"मग लिहा ना. भूत काय माझ्या घरी येऊन लिहून देणारे?"

बायको दारातूनच म्हणाली, "पान गेलं तर या खोलीत माझी व्यायामाची सायकल येणार. टेबल, टोपली, सगळं बाहेर."

माझ्या काडीकाडीला घाम फुटला. केराच्या टोपलीला केरात टाकायचं! माणसांमध्ये याला काय म्हणतात देव जाणे.

शेवटी बायकोनेच लॅपटॉपवर एआय उघडून दिला. "विचारा त्याला. लाजता काय? तो काही तुमच्या सासुरवाडीचा नाही."

मला वाटलं, संपलं. स्क्रीनवरचं चुरगळता येत नाही. पण माझा माणूस सवयीचा पक्का. एआयच्या प्रत्येक उत्तराची प्रिंट काढायची, ती चुरगळायची आणि फेकायची. पडका बंगला आला, करकरणारं दार आलं, आरशातली बाई तर तीनदा आली. सगळं शुद्ध, नीटनेटकं आणि बिनमिठाचं. पोट भरलं, पण आजारी असल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटी वैतागून त्याने टाइप केलं. टाइप करताना तो मोठ्याने बोलतो. "तू काही लिहू नकोस. मला नुसते प्रश्न विचार."

उत्तरंही तो मोठ्याने वाचतो. "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"सगळ्याची."

"खोलीतली अशी एक वस्तू सांगा, जिची अजिबात वाटत नाही."

खुर्ची करकरली. तो खाली वाकला असणार, कारण आवाज एकदम माझ्या तोंडापाशी आला. "टोपलीची."

"तिने आजवर तुमचं काय काय गिळलंय?"

भरदुपार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तीसुद्धा बंद पडली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला माझा. मला श्वास नाही, तरी.

मग तो मोठ्याने बोलत पेनाने सलग लिहीत सुटला. एक कागद फेकला नाही. वाक्यं वरून माझ्या अंगावर येत होती. टोपली रोज बोटभर जवळ सरकते. टोपलीला आता वाक्यं पुरत नाहीत. टोपली त्याच्या झोपेची वाट बघते. असली टोपली घरात असताना माणसं झोपतात कशी? मग लक्षात आलं, ती मीच.

कथा मासिकाकडे गेली. बाईंचा फोन आला, "अहो, मी माझी टोपली बाल्कनीत ठेवून कडी लावलीय!" पान वाचलं. टेबल वाचलं. मग छापून आलेली कथा बायकोने वाचली.

"ती टोपली आत्ताच्या आत्ता बाहेर."

"अगं, मनाने रचलंय मी ते!"

"तुम्ही मनाने रचलेलं वाचून मी कधी घाबरलेय? म्हणजे हे खरंच असणार."

एआयला विचारायलाही तो बसला नाही. स्वयंपाकघरातली सांडशी आणली, माझी कड धरली आणि हात लांब ठेवून मला जिन्यात सोडलं. "सॉरी हं," म्हणाला. मग आतून दोन कड्या लावल्या.

आता इथे आहे. कचऱ्याची गाडी शेजारच्या गल्लीत आलीय, तिचा भोंगा ऐकू येतोय. मला खरंच भीती वाटतेय हो. टाकलेलं सांभाळायला मी शिकले. आपल्यालाच टाकलं तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही.

तुम्ही मात्र पायरीवर उभं राहून सगळं फुकटात ऐकलंत. आता मोबदला काढा. पैसे नकोत. मला उचला, घरी न्या, कुठल्याही टेबलाखाली ठेवा. गाडी यायच्या आत. घाबरू नका, गोष्ट होती ती.

फक्त हात आत घालू नका. म्हणजे, मी काही करत नाही. पण कथा लिहिल्यापासून त्याने काहीच फेकलेलं नाही.