देवाची प्रॉक्सी

तार तुटली आणि रुद्रप्पांच्या ओसरीवर शंभरेक गळे एकदम फुटले, "हर हर महादेव!"

त्रिंबकबाबानं विळ्यानं टेलिफोनची तार खटकन कापली होती. तरीही कॉम्प्युटरच्या पडद्यावर महादेवाची पिंड जशीच्या तशी झळकत होती. पान मिटवलं, पुन्हा उघडलं. पिंड हजर!

"तारंनं येतो त्यो देव न्हाई!" बाबा गरजला. "सरकारची तार तोडली, माजी कोन तोडंल?"

मी शेजारचा विठ्ठलराव, देवळातल्या कीर्तनातून तसाच आलेलो, टाळ गळ्यात. माझेही हात जोडले गेले. ते सुटले खाली नजर गेल्यावर.

बाबाच्या पायाशी रुद्रप्पांची सून पडली होती, महानंदा. ओल्या लिंबाच्या फोकांनी पाठ उकलली होती. चोळीचं कापड रक्तानं चिकटलं होतं. चेल्यानं केसांना धरून मान वर ताणलेली, आणि समोरच्या शेगडीत चिमटा लाल होत होता. कपाळावर डाग द्यायचा होता.

ह्याला मूळ कारण एक डबा. नवरा रवि पुण्याला नोकरीला. घरात दोन कॉम्प्युटर, लाईन एक. बाबाचा उजवा हात अमरसिंह कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं तिसरा डबा आणून मधे बसवला. "ह्याला प्रॉक्सी म्हंत्यात वैनी. एकदा बघितल्यालं पान साठवून ठिवतो, पुन्ना मागितलं की लगेच वाढतो."

महानंदा माझ्यादेखत म्हणाली होती, "शंभर पोरांच्या कॉलेजला ठीक हाय. दोघा-तिघांच्या घराला कोठार कशाला? आमाला आजचं पायजे. उचला तुमचा डबा."

लोक हसले. अमरसिंहानं डबा उचलला नाही. "चार दिवस बघा तर," म्हणत त्यानं त्यातली कळ तेवढी फिरवली.

तेव्हापासून ह्या घरात देवस्थानच्या पानावरच्या रोजच्या दर्शनात महादेवाच्या पिंडीवर तोच धोतऱ्याचा हार. बाजारातल्या सायबर कॅफेत तेच पान बघावं तर रोज नवा! रुद्रप्पा भेदरले. गळ्यातलं लिंग मुठीत धरून बाबाकडं गेले. बाबानं डोळे फिरवले, "सुनंच्या अंगात बाहेरचं हाय. देवानं हार बदलायचा सोडला."

"अप्पा, त्यो डबा..." महानंदा कण्हली. "त्यातलं शिळं हाय ते..."

"बघा! भूत बोललं!" फोक पुन्हा बसला. गर्दीतून कुणी ओरडलं, "हान बे!"

"बाबा, पोर मरंल," मी म्हणालो. मला दोघांनी ढकललं, टाळ दगडावर आपटून चिरला. मी तसाच मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलकडं पळालो. रुद्रप्पांची लेक शिवांजली तिथं डॉक्टरकी शिकत होती.

आम्ही आलो तेव्हा चिमटा कपाळापासून वीतभर होता. शिवांजलीनं तो नुसत्या हातानं धरला. चर्र आवाज झाला, कातडी जळल्याचा वास सुटला. तिनं सोडला नाही, बाबानंच सोडला.

"वैनीला नंतर डागा," ती म्हणाली. "आधी एक सांगा. तार नसताना देव आणता ना? मग ह्या घरात कुणी कदी न बघितल्यालं एक पान उघडा. कुठलंबी."

"देवाची परीक्षा घेती, सटवे?"

"देवाची न्हाई. तुमची."

तिनंच एक नवा पत्ता टाकला. पडदा पांढराफटक पडला. जुना टाकला, पिंड आली. मग तिनं कोपऱ्यातल्या डब्याचा प्लग उपटला. पुन्हा पान उघडू गेली, तर पिंड गायब.

लोक पुढं सरकून पडद्यात डोकावू लागले.

"अप्पा, आमच्या वर्गात गैरहजर पोरीच्या नावानं दुसरी 'हजर' म्हंते, तिला आमी प्रॉक्सी म्हंतो. हा डबा तसाच. देवाच्या नावानं हजेरी देतो. नवं आणू नको, साठवल्यालंच वाढ, अशी कळ कुणी फिरवली इचारा."

सगळ्यांच्या माना अमरसिंहाकडं वळल्या. तो दाराकडं सरकत होता.

शिवांजलीनं जळक्या हातानं तार पिळून जोडली आणि डबा वगळून थेट आपल्या कॉम्प्युटरला लावली. किर्रकिर्र झालं. पिंड हळूहळू उतरली. तिच्यावर ताज्या बेलाचा हार.

रुद्रप्पा सुनेजवळ खाली बसले. "महानंदा... लेकरा..."

आणि मग लोकांनी दगड उचलले. मघाशी "हान बे" म्हणणारा सगळ्यात पुढं. बाबाचं नाक फुटलं, जटा उपटून हातात आली, तीही खोटी. अमरसिंहाच्या डोक्यावर कुणीतरी विळा उगारला.

"थांबा!" महानंदा भिंतीला धरून उभी राहिली होती. "मला मारताना तुमाला इचार कावून सुचला न्हाई? आता ह्येला मारून हात धुवून घेता व्हय? ठाण्यावर न्या दोघांला. मी बोलते तितं. आन अप्पा, तुमीबी बोलायचं. मारा म्हनून कोन म्हनलं, ते."

रुद्रप्पांनी मान हलवली. विळा खाली आला.

माझा टाळ अजून चिरलेलाच आहे. भजनात बद्द वाजतो, लोक बदल म्हणतात, मी बदलत नाही. माझा देवावर भरवसा आहे आणि राहील. म्हणूनच सांगतो बाबांनो, कुणी देवाच्या नावानं 'हजर' म्हटलं, तर हात जोडण्याआधी एकदा प्लग उपटून बघा. खरा देव असेल, तर तेवढ्यानं जायचा नाही.