ओळीच्या शेवटी परसूदादा

आश्विनातले कलते ऊन पिकल्या सोयाबीनच्या रंगाचे असते, मानोरा गावाच्या बाजूची पायवाट धुळीने सोनेरी होते, आणि सोंगणी करून शेजारच्या बंजारा तांड्यावर परतणाऱ्या माणसांच्या ओळीमागून एक खर्जातला, प्रसन्न आवाज येतो, "मांगं कोनी राह्यलं तं नाई ना?" तो परसूदादा. ओळीत शेवटी चालणे हा आता त्याचा स्वभावच झाला आहे.

ऐन तारुण्यात तो तेंदूपत्ता तोडायला पूर्वेकडच्या अरण्यात गेला, तिथे बंदूकवाल्यांच्या दलात शिरला आणि त्या भागाचा उपप्रमुख झाला. प्रमुख पुढे चाले, उपप्रमुख शेवटी. मागे कोणी राहू नये ही त्याची जबाबदारी. तरी एकदा त्याच्या हुकुमावर गेलेली पोरे परतली नाहीत. मग त्याने पोलिसांपुढे बंदूक ठेवली आणि शिक्षा भोगून तो घरी आला. त्याच्या शेताला माझ्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, लागून, म्हणून सर्वांत आधी घाबरलो मी. पण हा गडी वाटेतल्या कोंबडीलाही हटकत नसे, स्वतःच वळसा घालून जाई. अशा माणसाला भ्यायचे तरी किती दिवस?

गेल्या होळीच्या पंगतीला तांड्याचे प्रमुख, म्हातारे नायकबापू, यांनी त्याला आपल्या हाताखाली कारभारी नेमायचे ठरवले. डफ थांबले. परसूदादाचा चेहरा उतरला. पुन्हा दुसऱ्या क्रमांकाचे पद, पुन्हा हुकूम. हात जोडून तो नाही म्हणाला.

"हुकूम द्याचाच नाई तुले," नायकबापू म्हणाले. "सारे जेवले का पाह्यचं, मंग आपन जेवाचं."

परसूदादा खळखळून हसला आणि आपले ताट सारून पंगतीत वाढायला उठला. मला तर भरूनच आले.

दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघाला. ट्रकवर सर्वांच्या शेवटी चढताना त्याने तोच प्रश्न विचारला. मी राहिलो की, असे मी धुऱ्यावरून ओरडलो.

"तुमी आहा म्हनून तं बिनघोर चाल्लो," तो हसत म्हणाला.

आता पळसाला कळ्या धरल्या आहेत. होळीला सारे परततील. तोवर संध्याकाळी ओस पायवाटेवर तो प्रश्न माझ्याच ओठांवर येतो, आणि कळते की परसूदादा केवळ आम्हाला विचारत नव्हता. काळ ज्यांना परत देणार नाही, त्या अरण्यातल्या पोरांसाठीही तो रोज थोडा मागे रेंगाळत होता.