घोड्यांची नोट

सब्री जब्बूरींनी नोट नाकाशी नेली. साबणाचा वास आला.

"धुतलीत?"

"धुतली. वर कापड घालून इस्त्रीही फिरवली," म्हातारी शुक्रिया म्हणाली. "लिखाण गेलं बघा सगळं."

बगदादच्या जुन्या बाजारात सब्री एकेचाळीस वर्षं संग्राहकांसाठी जुन्या नोटा पारखत होते. आधी वास, मग अंगठा, मग दिव्याखाली नोट तिरकी धरायची. शेवटी पाकिटावर पेन्सिलीने दोष आणि किंमत. पाकिटावर त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं.

हीच नोट तिने गेल्या गुरुवारी आणली होती. पंचवीस दिनार, धावणाऱ्या घोड्यांची. लिखाण नसतं तर चांगली किंमत आली असती, असं सब्रींनी सांगितलं होतं आणि पाकिटावर नोंद केली होती: 'निळी शाई, दोन ओळी.' शुक्रियाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. तिने ऐकून घेतलं आणि नोट परत नेली.

आता घोडे फिके पडले होते, कागद लुळा झाला होता.

"किती येतील?"

"काहीच नाही, हज्जिया," सब्री म्हणाले. "धुतलेली नोट कुणी घेत नाही. लिहिलेली थोडी तरी खपली असती."

 मग शुक्रियाने सांगितलं. शहाऐंशीच्या हिवाळ्यात नवरा नाजी इराणच्या आघाडीवर निघाला, तेव्हा बसच्या खिडकीतून त्याने ही नोट, वर दोन ओळी लिहून, तिच्या हातात दिली. तो परत आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही. त्याची पत्रं सासूने हट्टाने स्वतःबरोबर कबरीत नेली.

"त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. म्हटलं, मला पाठ आहे, आणि या डोळ्यांना दिसतंय कुठं? निदान लेकीचं तोंड तरी नीट दिसेल." तिने सब्रींकडे तोंड वळवलं. "तुम्ही वाचलं होतंत ना? माझ्याशिवाय एका तरी माणसाने वाचलं."

नोटांवरच्या ओळी सब्री मोजत. वाचत नसत.

"नाही वाचलं," ते म्हणाले.

"दोनच तर ओळी होत्या, अबू सिनान," शुक्रिया त्यांना म्हणाली. "एवढी कसली घाई होती?"

सब्रींनी दिवा खाली ओढला आणि नोट तिरकी धरली. इस्त्रीने अक्षरं सपाट केली होती. फक्त अरबी अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, जिथे पेन जोरात टेकलं होतं, तिथे बारीक खळगे राहिले होते. त्यांनी शुक्रियाचं बोट धरून पहिल्या खळग्यावर ठेवलं.

बोट हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकलं.

"शुक्रिया, आलो की नदीवर मासे खायला जाऊ," ती म्हणाली. बोट खालच्या ओळीवर गेलं. "तोवर ही मोडू नको."

सब्रींनी खणातून गुरुवारचं पाकीट काढलं. 'दोन ओळी'च्या खाली त्या दोन्ही ओळी लिहिल्या आणि तिला वाचून दाखवल्या. किमतीची जागा तशीच ठेवली. नोट आत सरकवून पाकीट तिच्या हातात दिलं. ती भिंतीला हात लावत पायरी उतरली.

दारात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. सब्रींनी त्यांना थांबायला सांगितलं. मग 'लिहिलेल्या' असं नाव घातलेला स्वस्त नोटांचा डबा पुढे ओढला, चष्मा लावला आणि सर्वांत वरची नोट वाचायला घेतली.