सूनबाईचा पहिला राउटर

सकाळी पावणेनऊला सूनबाईने घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर ढकललं, तेव्हा तिच्या काखेत राउटरचा कोरा करकरीत खोका होता आणि दातांत टॉर्च होता. लहानपणी सहलीच्या दिवशी बस दिसली की व्हायचं ना, तसं झालं होतं तिला. तिला एकाच वेळी गावंसं, पळावंसं आणि कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं.

आणि का वाटू नये? सात वर्षं बाईने एका मोठ्या कंपनीत हेच काम केलं. दवाखाने, शोरूम, शाळा, कुठे कुठे म्हणून नेटवर्क बसवलं. शिडीवर चढायची ही, जाळीजळमटं डोक्यावर घ्यायची ही, आणि शेवटी कागदावर सही करायचा साहेब. मागच्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. साहेब हसून म्हणाला, "महिनाभरात परत याल. तुमची खुर्ची ठेवतो."

"खुर्ची विकून टाका," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण जिना उतरताना बँकेतली शिल्लक दोनदा मोजली.

तर आजचं हे तिचं स्वतःचं पहिलं काम. सासऱ्यांचं दुकान म्हणजे घरचंच, त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण गल्लीत अशी अकरा दुकानं होती आणि सगळ्यांनाच नवं नेटवर्क हवं होतं. दुकानदार मंडळाची सेक्रेटरी कोण? तर समोरची झेरॉक्सवाली. आणि झेरॉक्सवाली कोण? तर सूनबाईची सख्खी नणंद! नात्यागोत्याला काम दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून नणंदेने उलट जास्तच कडक अट घातली होती.

"आधी बाबांचं दुकान कर," तिने सुनावलं होतं. "बरोबर बारा वाजता आम्ही येऊन आपापले फोन जोडणार. सगळ्यांचे चालले, तर उरलेली दहा दुकानंही तुझी. एकाचाही अडला, तर ती व्हॅनवाली कंपनी आहे ना, तिला साडेबाराला बोलावून ठेवलंय. सगळी गल्ली तिच्याकडे. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"तुम्हीच याल ताई, पासवर्ड विसरलात की," सूनबाई म्हणाली होती. तोंडाला कुलूप लावायची सवय तिला माहेरीही नव्हती.

सासरे मागच्या दाराने आधीच येऊन बाकावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, उजव्या डोळ्याला भिंग, आणि दिवसाकाठी मोजून वीस शब्द. भिंतीवर लहानमोठी चाळीस घड्याळं टिकटिकत होती, आणि ती सगळी एकच वेळ दाखवायची, हा त्यांचा मोठा अभिमान. त्यांचे नियम दोन. पहिला नियम, चालू यंत्र बंद ठेवायचं नाही. बंद ठेवलं की तेल सुकतं आणि यंत्र मरतं. गिऱ्हाईक सहा सहा महिने न्यायला आलं नाही तरी ते त्याच्या घड्याळाला रोज चावी देत. दुसरा नियम याहून कडक. घड्याळ दुरुस्त झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने दुकानाची खूण कोरायची. खूण म्हणजे एक इवलंसं दातेरी चाक, खाली कारागिराचं नाव, तारीख आणि वेळ. पण घड्याळ आठ दिवस बिनचूक चालल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत एकदाही हा नियम मोडला नव्हता. सूनबाईचा नवरा तरुणपणी दोन वर्षं या बाकावर बसला होता. त्याला एकदाही खूण मिळाली नाही. शेवटी तो नर्स झाला आणि आता माणसांच्या नाड्या बघतो.

सूनबाईला हा दुसरा नियम फार आवडायचा. तिने आपल्या नव्या धंद्याची लेबलं छापून आणली होती, नाव आणि फोन नंबर असलेली, पण मनाशी ठरवलं होतं की काम सिद्ध झाल्याशिवाय एकही चिकटवायचं नाही.

भिंतीवरचा जुना राउटर तिने उतरवला. त्याचं वायफाय कधीच गेलं होतं, नुसतं वायरींपुरतं चालायचं. त्याला वायरीसकट एका खोक्यात घालून तिने दाराशी ठेवलं, भंगारात द्यायला. मग नवा बाहेर काढला आणि सासऱ्यांच्या बाकावर ठेवला.

"बाबा, हा बघा आपला नवा द्वारपाल! बाहेरून इंटरनेट येतं ते एकच. हा ते कॉम्प्युटरला, कार्ड मशीनला, फोनला वाटून देतो. आणि नको त्याला आत घेत नाही."

"हं," सासरे म्हणाले. एक शब्द खर्च झाला.

ती वायर टाकायला माळ्यावर चढली. अर्ध्या छतावरून रांगत तिने एक वायर काउंटरपर्यंत आणली आणि एक आतल्या खोलीत भिंतीतल्या सॉकेटपर्यंत नेली. तिथे पुढे कॅमेरा आणि आणखी एक कॉम्प्युटर लावायचा होता, म्हणून ते सॉकेट तिने सध्या मोकळंच सोडलं. खाली उतरली तेव्हा सव्वानऊ झाले होते. सासरे नव्या राउटरला फुंकर मारून मऊ फडक्याने पुसत होते.

"अहो बाबा, नवाच आहे तो! धूळ कुठली त्यावर?"

राउटर सरळ करून त्यांनी तिच्या हातात दिला.

आणि मग जे सुरू झालं, ते तुम्ही बघायला हवं होतं! भरतकाम करणाऱ्या बाईची बोटं चालावीत तशी तिची बोटं लॅपटॉपवर चालत होती. आधी राउटर बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेला पासवर्ड बदलला. तो जगातल्या प्रत्येक उचल्याला ठाऊक असतो. मग राउटरच्या आतला प्रोग्रॅम ताजा करून घेतला. दुकानाचं वायफाय वेगळं, गिऱ्हाइकांचं वेगळं. म्हणजे घड्याळ घ्यायला आलेल्या माणसाने बसल्या बसल्या फोन बघावा, पण दुकानाच्या हिशेबात नाक खुपसू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंबर. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, दवाखान्यात टोकन देतात तसा. नंबर बरोबर, तर यंत्राला बाहेरची वाट सापडते. तिने आपल्या नंबरांची मालिका ठरवली, प्रिंटर आणि कार्ड मशीनला कायमचे नंबर देऊन टाकले.

साडेअकराला सगळे दिवे हिरवे! तिने बाहेर पायरीवर जाऊन नवऱ्याला फोन लावला. "अहो, चाललं! लोण्यासारखं चाललंय!" तिकडून तो म्हणाला, "मी इथे सलाईन लावतोय, नंतर ओरड." तरी ती पाच मिनिटं ओरडली. आत येताना दाराजवळचं भंगाराचं खोकं दिसलं नाही. बाबांनी टाकलं वाटतं, बरं झालं, असं म्हणून ती विसरून गेली.

पावणेबारालाच मंडळी हजर. नणंद पुढे, मागे शिंपी, किल्लीवाला, दातांची डॉक्टरीण आणि आणखी पाचसहा जण. शिंप्याने फोन जोडला, चालला. डॉक्टरणीचा चालला. सूनबाई तोंडभर हसली. मग नणंदेने जोडला.

"इंटरनेट नाही म्हणतंय," नणंद म्हणाली.

"काहीतरीच काय! द्या इकडे."

खरंच नव्हतं. किल्लीवाल्याचाही नव्हता. सूनबाईने राउटर बंद करून परत चालू केला. आता नणंदेचा चालला आणि शिंप्याचा बंद पडला! शिंपी फोनकडे असा बघायला लागला की जणू त्यानेच काही पाप केलं होतं. तिसऱ्यांदा जोडलं तर डॉक्टरणीचा गेला आणि नणंदेचाही परत गेला. भुताटकीच ही!

"हे बघ," नणंद हळू आवाजात म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिचाही चेहरा उतरला होता, "बाराचे ठोके पडेपर्यंत थांबते. मला सगळ्यांना तोंड द्यायचंय."

बाराला सात मिनिटं होती, आणि ती चाळीस घड्याळं मिळून सांगत होती. साहेबाने राखून ठेवलेली ती खुर्ची सूनबाईच्या डोळ्यांपुढे आली. पण गंमत अशी की हातपाय गळायच्या ऐवजी तिला चेव चढला. घोडं पेंड कुठे खातंय, तेवढं कळू दे फक्त!

"ताई, फोन." तिने नणंदेचा फोन घेतला आणि त्याला मिळालेला नंबर उघडला. बघते तर काय, नंबर भलत्याच मालिकेतला!

"हा नंबर मी दिलेला नाही," ती म्हणाली. मग ओरडलीच, "अहो, हा मी दिलेलाच नाही! इथे दुसरं कोणीतरी नंबर वाटतंय! एका म्यानात दोन तलवारी आहेत!"

"कुठे?" शिंप्याने दचकून मागे पाहिलं.

तिने राउटरमागच्या वायरी एकेक उपटायला सुरुवात केली आणि दर वेळी फोन नव्याने जोडून पाहिला. काउंटरची उपटली, तोच परका नंबर. प्रिंटरची, तोच. तिसरी उपटली आणि नंबर आला तो तिच्या मालिकेतला, तिचा स्वतःचा! तिसरी वायर आतल्या खोलीची. पण तिथे तर काहीच जोडलेलं नव्हतं! ती धावली, उंबऱ्याला ठेचकाळली, आणि आत जाऊन उभीच राहिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! फळीवर, गिऱ्हाइकांच्या विसरलेल्या घड्याळांच्या रांगेत, घडी घातलेल्या फडक्यावर जुना राउटर बसला होता. एक वायर विजेच्या सॉकेटात, दुसरी तिच्या मोकळ्या सॉकेटात, आणि दिवे कसे मजेत लुकलुकत होते. बाहेरच्या जगाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी बिचारा इमानेइतबारे नंबर वाटत होता. ज्या फोनला त्याचा नंबर आधी मिळे, तो अडे.

सासरे तिच्या मागे दारात उभे होते. "अजून चालू आहे तो," ते म्हणाले. "बंद ठेवला तर सुकेल."

सूनबाईला हसू फुटलं, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रागवायला वेळही नव्हता. तिने सॉकेटातली वायर उपटली, बाहेर धावत येऊन पुढच्या सगळ्या वायरी खोचल्या आणि ओरडली, "जोडा सगळ्यांनी! परत जोडा!"

आणि बाराचे ठोके सुरू झाले. सगळी टोल्यांची घड्याळं एकदम! त्या गजरात शिंप्याने अंगठा वर केला. डॉक्टरणीने केला. किल्लीवाल्याने फोनवर कसलंसं गाणं लावलं, ते कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटच्या ठोक्याला नणंदेच्या फोनवर तिच्या मुलाचा हसरा फोटो उघडला, आणि सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

"झालं काय होतं?" डॉक्टरणीने विचारलं.

"मागे जुना राउटर जोडलेला राहिला होता," सूनबाई म्हणाली. "मी आधी बघायला हवं होतं. माझी चूक."

"मी जोडला," दारातून आवाज आला. सगळे वळले. सासऱ्यांनी भिंग काढून हातात घेतलं होतं. "तिने काढून टाकला होता. मला कळत नाही त्यातलं, तरी मी जोडला. चूक माझी. तिचं काम बिनचूक आहे."

दिवसभराचे शब्द एका दमात! नणंदेने वडिलांकडे पाहिलं, मग मंडळीकडे. "अट बारा वाजताची होती," ती ठसक्यात म्हणाली. "पावणेबाराला काय झालं ते माझ्या कागदावर नाही. कुणाला काही म्हणायचंय?" कुणाची बिशाद होती! तिने तिथेच उभं राहून व्हॅनवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं आणि सूनबाईच्या पाठीत एक धपाटा घातला. "उद्या माझ्याकडे आधी ये. सेक्रेटरीचा मान असतो."

मंडळी पांगल्यावर सूनबाई आतल्या खोलीत गेली. जुन्या राउटरला लॅपटॉप जोडून तिने त्याचं नंबर वाटणं तेवढं बंद केलं, आणि वायर परत सॉकेटात खोचली. "हा राहू दे इथेच, बाबा. एका वायरीच्या चार करून देईल. कॅमेऱ्याला लागेलच."

सासऱ्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहून मान हलवली आणि ते बाकावर जाऊन बसले.

आता काम सिद्ध झालं होतं. तिने पिशवीतून पहिलं लेबल काढलं, पाठीमागचा कागद सोलला आणि चिकटवायला नवा राउटर उलटा केला.

तिथे काहीतरी कोरलेलं होतं. तिने टॉर्च लावला. इवलंसं दातेरी चाक. खाली सुईच्या टोकाने, रेखीव अक्षरांत, 'सूनबाई'. त्याखाली आजची तारीख. आणि वेळ, नऊ वाजून दहा मिनिटं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती माळ्यावर रांगत होती. राउटरला तेव्हा एकही वायर लागली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "आठ दिवस थांबायचं असतं ना?"

"घड्याळासाठी," सासरे म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून त्यांनी पुढचं घड्याळ उघडलं.

सूनबाईने लेबल जरा बाजूला चिकटवलं, खुणेला धक्का न लावता.