धुऱ्यावरची हाक

गोंडपिपरीजवळच्या एका बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी चालू होती. धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, उभी राहून बायांना हाकारणारी वच्छला ही त्या टोळीची मुकादमीण. चिखलात वाकलेल्या बायांत तिची सून रंजीताही होती, सातव्या महिन्यातली.

"हात चालवा गं बायांनो! रंजीता, तुह्यापायी ओळ मागं राहून राह्यली!"

इतरांना एकदा, तर सुनेला पुन्हा पुन्हा. मुकादमिणीने घरच्या माणसाला सूट दिली असे कोणी म्हणू नये, याचा वच्छलेला भारी धाक. शिवाय पोटुशी बाई राबली की बाळंतपण सोपे जाते, हे तिला सासूने सांगितलेले, सासूला तिच्या सासूने. मग गावातल्या इतक्या बाया बाळंतपणात गेल्या कशा, हे मात्र कोणीच विचारले नाही.

रंजीताने कंबर धरली. "आत्या, सकाळपासून पोटात दुखून राह्यलं. जरा बसू द्या मले."

वच्छलेने धुऱ्यावरून एक पाऊल खाली टाकले. पण पलीकडून शेतमालक वामनराव ओरडले, "काऊन थांबली ओळ? होत नसन तं दुसरी टोळी आणतो."

टोळीचे काम गेले तर सगळ्याच बायांच्या चुली अडणार होत्या. वच्छलेने तोंड फिरवले. "तुहा नवरा, आदेश, पोटात होता तवा मी शेवटच्या दिवसापर्यंत रोवलं. काई झालं नाई मले. वाक!"

रंजीता वाकली, आणि तिथेच चिखलात बसली. बायांनी तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेले. दवाखान्यात ती वाचली, बाळ गेले.

"दुखायला लागलं तेव्हा ही कुठे होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"माह्या समोर," वच्छला म्हणाली, आणि भिंतीला डोके टेकून रडली.

आठ दिवसांनी उरलेल्या बांधीत पुन्हा ओळ लागली तेव्हा टोळीतलीच पोटुशी रीता मागे पडू लागली. वामनराव खेकसले, "हाक दे ना, बाई!"

वच्छलेने हाक दिली. "रीता, वर ये. धुऱ्यावर बस."

"मंग आणू दुसरी टोळी?"

"आणा भाऊ. तिच्यातल्या पोटुशीलेबी मी वरच बोलावीन."

लुगडे खोचून ती रीताच्या जागी चिखलात उतरली. वामनराव बडबडत राहिले. ऐन रोवणीत दुसरी टोळी त्यांना तरी कुठे मिळणार होती!

संध्याकाळी घरी वच्छलेने भात वाढला आणि आत हाक मारली, "रंजीता!"

दवाखान्यातून परतलेली, अंथरुणावरची रंजीता दचकली. भिंत धरून धडपडत उठू लागली.

"उठते आत्या, उठते. रागावू नका."