नवसाच्या भाकरी

"आई, सांध्याचा रिपोर्ट चांगला आला गं!" शिरूरच्या दवाखान्याच्या पायरीवरूनच शंभूनं फोन लावला आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, पूनमनं, कपाळाला हात लावला.

सासूनं, सखूबाईनं, बिरोबाला नवस बोलला होता. सुनेचा रिपोर्ट चांगला येऊ दे, तुझ्यापुढं ढोलावर गजी नाचणाऱ्या धनगरांना तिच्याच हातच्या भाकरी वाढीन. आता बोला! देवानं ऐकायचं ते नेमकं हेच.

डॉक्टरांनी आत स्पष्ट सांगितलं होतं. "लुपस आहेच, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. पण सांधे किती बिघडलेत हे पक्कं दाखवील अशी रक्ताची तपासणी अजून निघालेलीच नाही. बोटं वाकली तरी रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो."

"मग घरी काय दाखवू मी?" पूनमनं विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. शंभूनं एवढ्यातून 'स्वच्छ' तेवढं उचललं.

"अवो, लई दुखतंय," ती एसटीत म्हणाली.

"रक्त खोटं बोलतंय व्हय? मनाचं हाय तुझ्या."

एकदाचा वाईट रिपोर्ट यावा, असं तिला वाटलं. असलं मागणं कुणी मागतं का? पण तिला तेच हवं होतं, आणि संतापानं तिचे डोळे भरून आले.

रविवारी वडगाव रासाईत बिरोबाच्या देवळामागं चूल पेटली. पूनमची पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर जाता जाता तुटली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"मुद्दाम करतीस व्हय गं? बोटं सरळ ठिव!" सखूबाईनं चारचौघींत तिचा हात धरला आणि पिठानं माखलेली बोटं दाबली. झाली की सरळ! सोडली, तशी परत करंगळीकडं कलली. म्हातारीनं पुन्हा दाबली. पुन्हा कलली.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. सांगत व्हते की, आत्याबाई."

सखूबाई देवळाकडं वळली. "बिरोबा, रिपोर्ट चांगला आला न्हाई. माझं मागणं अजून तसंच हाय."

"आई, आगं रिपोर्ट तर..." शंभू मधेच बोलला.

"तू गप ऱ्हा. पानी आण जा."

पाणी आलं. सखूबाईनं तांब्या उचलून सुनेच्या हातांवर धार धरली, मग परात स्वतःकडं ओढली. पूनमला तांब्या धरवत नव्हता. आज ते सांगावं लागलं नाही.